श्रवणदोष आणि ऑनलाइन सांघिक खेळ : खेळाडू, पालक व सहकारी यांच्यासाठी मार्गदर्शन

इंटरनेटच्या साहाय्याने अनेक खेळाडू एकाच वेळी ज्या खेळात उतरतात, त्याला ऑनलाइन मल्टिप्लेअर खेळ म्हणतात. अशा खेळांतील ध्वनी केवळ वातावरणनिर्मितीसाठी नसतो, तर तो माहिती पुरवणारे एक स्वतंत्र साधन असतो. भिंतीपलीकडून येणारी पावले, दूरवर झालेला गोळीबार, प्रतिस्पर्ध्याने बंदुकीत गोळ्या भरल्याचा आवाज किंवा मागून येणारी गाडी यांवरून ऐकू येणारा खेळाडू शत्रू दृष्टीस पडण्यापूर्वीच आपली जागा बदलतो. ज्याच्यापर्यंत हे ध्वनी पोहोचत नाहीत, तो त्या क्षणी हरला तर त्याचे कौशल्य कमी पडलेले नसते, त्याच्या हाती आलेली माहिती कमी पडलेली असते. हा भेद नीट ओळखला की ती माहिती दुसऱ्या मार्गाने कशी मिळवता येईल, हा प्रश्न स्पष्टपणे मांडता येतो आणि त्याची बरीचशी उत्तरे आज उपलब्ध आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या श्रवणविषयक अहवालानुसार जगातील सुमारे ४३ कोटी लोकांना श्रवणदोषामुळे पुनर्वसनसेवेची गरज आहे. भारतातील दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा दोन्ही कानांत ७० डेसिबल इतका श्रवणऱ्हास असलेल्या व्यक्तीला बधिर, तर ६० ते ७० डेसिबल ऱ्हास असलेल्या व्यक्तीला ऐकण्यात अडचण असलेली व्यक्ती मानतो. डेसिबल हे ध्वनीच्या तीव्रतेचे माप असून ऱ्हासाचा आकडा जितका मोठा, तितका आवाज ऐकू येण्यासाठी अधिक मोठा असावा लागतो. खेळाच्या संदर्भात मात्र या कायदेशीर मर्यादा पुरेशा ठरत नाहीत, कारण एकच कान बाधित असलेली किंवा सौम्य श्रवणदोष असलेली व्यक्ती कायद्याच्या व्याख्येत बसत नसली, तरी सांघिक खेळात तिची अडचण खरी आणि मोठी असू शकते.

श्रवणदोषाचे स्वरूप आणि खेळातील परिणाम

ध्वनी कोणत्या दिशेने आला हे मेंदू दोन्ही कानांना मिळालेल्या संकेतांची तुलना करून ठरवतो. एका बाजूचा आवाज त्या बाजूच्या कानात एक सहस्रांश सेकंदापेक्षाही कमी अंतराने आधी पोहोचतो आणि डोक्याचा आडोसा नसल्यामुळे किंचित मोठा ऐकू येतो, आणि या दोन सूक्ष्म फरकांवर डावे-उजवे समजण्याची क्षमता अवलंबून असते. त्यामुळे एका कानाने ऐकू न येणाऱ्या खेळाडूला गोळीबार झाला हे कळते, परंतु तो कोठून झाला हे कळत नाही. दोन्ही कानांत उच्च वारंवारतेचा, म्हणजे बारीक व तीक्ष्ण आवाजांचा ऱ्हास असलेल्या खेळाडूला स्फोट स्पष्ट ऐकू येतात, पण गवतातील पावलांची सळसळ आणि सहकाऱ्याच्या बोलण्यातील 'स', 'श', 'फ' यांसारखी व्यंजने निसटतात, आणि म्हणून आवाज येतो पण शब्द लागत नाही अशी त्याची तक्रार असते. अतितीव्र श्रवणदोष असलेल्या किंवा जन्मतः बधिर असलेल्या खेळाडूसाठी ध्वनीचा मार्ग जवळजवळ पूर्ण बंद असल्याने त्याची सारी व्यवस्था दृश्य संकेतांवर उभारावी लागते.

यासाठी खेळाडूने प्रथम आपला ऑडिओग्राम समजून घ्यावा. कोणत्या वारंवारतेचा आवाज किती मोठा असला म्हणजे ऐकू येतो, हे प्रत्येक कानासाठी स्वतंत्रपणे दाखवणारा आलेख म्हणजे ऑडिओग्राम होय. मुंबईत वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था किंवा मोठ्या रुग्णालयांचे श्रवणविभाग यांसारख्या ठिकाणी ही तपासणी होते. अहवाल हाती घेऊन ऑडिओलॉजिस्टला, म्हणजे श्रवणतज्ज्ञाला, आपण कोणते खेळ खेळतो व त्यांत कोणते आवाज निसटतात हे नेमके सांगितल्यास मिळणारा सल्ला अधिक उपयुक्त ठरतो.

खेळाची निवड

सर्व ऑनलाइन खेळ ध्वनीवर सारखेच अवलंबून नसतात, म्हणून निवड करताना खेळातील निर्णायक माहिती पडद्यावर दिसते की केवळ कानावर पडते, हा निकष प्रथम लावावा. बुद्धिबळ, लुडो, पत्त्यांवर आधारित खेळ आणि आळीपाळीने चाल करण्याचे इतर प्रकार यांत ध्वनीची गरज जवळजवळ नसते. 'डोटा २' किंवा 'लीग ऑफ लेजेंड्स' यांसारख्या खेळांत रणभूमी वरून पाहिल्यासारखी दिसते आणि लहान नकाशा, ज्याला मिनीमॅप म्हणतात, सतत समोर असतो, त्यामुळे येथेही डोळस निरीक्षणाला अधिक महत्त्व असते. 'अमंग अस' या खेळात संशयिताविषयीची चर्चा लेखी संदेशांतून करण्याची सोय खेळातच आहे. याउलट 'व्हॅलोरंट' किंवा 'काउंटर-स्ट्राइक २' यांसारख्या, खेळणाऱ्या पात्राच्या नजरेतून जग दाखवणाऱ्या नेमबाजीच्या खेळांत पावलांच्या आवाजाला निर्णायक स्थान असते. आपल्या धावण्याचा आवाज किती दूर पोहोचतो हे या खेळांच्या लहान नकाशावरील वर्तुळावरून कळते, आणि स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू न येणाऱ्या खेळाडूने तरी या वर्तुळावर लक्ष ठेवलेच पाहिजे. तथापि हे वर्तुळ प्रतिस्पर्ध्याच्या पावलांची सूचना देत नाही, हेही ध्यानात घ्यावे.

याचा अर्थ श्रवणदोष असलेल्या व्यक्तीने नेमबाजीचे खेळ टाळावेत असा नाही. अमेरिकेतील बधिर खेळाडू व सुलभता सल्लागार क्रिस रॉबिन्सन, जे 'डेफ गेमर्स टीव्ही' या नावाने ओळखले जातात, यांसारख्या व्यक्तींनी असे खेळ प्रेक्षकांसमोर खेळून आणि त्यांतील उणिवा निर्मात्यांच्या लक्षात आणून देऊन या क्षेत्रात आपले स्थान निर्माण केले आहे. मात्र नव्या खेळाडूने आरंभी दृश्य संकेत मुबलक असलेला खेळ निवडावा आणि नकाशा वाचण्याची सवय अंगवळणी पडल्यावर अधिक ध्वनिप्रधान खेळाकडे वळावे, हा क्रम हिताचा ठरतो.

खेळातील सोयी : अक्षरे, खुणा आणि कंपने

ध्वनीची माहिती पडद्यावर आणण्याच्या सोयी तीन प्रकारच्या असतात आणि त्यांतील फरक ठाऊक असणे आवश्यक आहे. सबटायटल म्हणजे पात्रांच्या बोलण्याचा लेखी मजकूर. कॅप्शनमध्ये बोलण्याबरोबर इतर ध्वनींचेही वर्णन असते. तिसरा प्रकार ध्वनीच्या दृश्यरूपाचा असून त्यात आवाजाचा प्रकार व दिशा चिन्हाने दाखवली जाते. 'माइनक्राफ्ट'च्या संगणकावरील जावा आवृत्तीत २०१६ पासून असलेले सबटायटल प्रत्यक्षात कॅप्शनचे काम करतात, कारण त्यांत पावलांचा, दार उघडल्याचा किंवा एखाद्या प्राण्याचा आवाज लेखी येतो आणि तो डावीकडून आला की उजवीकडून, हे बाणाच्या खुणेने कळते. 'फोर्टनाइट'मध्ये ध्वनी दृश्य करण्याची सोय चालू केल्यास पडद्याच्या मध्यभागाभोवती एका वर्तुळात पावले, गोळीबार, गाडी किंवा खजिन्याची पेटी यांची चिन्हे आवाजाच्या दिशेला उमटतात, त्यामुळे ऐकू न येणाऱ्या खेळाडूलाही शत्रू कोणत्या बाजूने येत आहे याचा अंदाज वेळेवर बांधता येतो. 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' हा भारतातील खेळ ज्या 'पबजी मोबाइल'वर आधारलेला आहे, त्यात जवळपासचा गोळीबार व पावले यांच्या खुणा लहान नकाशावर उमटतात.

नवा खेळ किंवा नवी आवृत्ती मोबाइलवर अथवा संगणकावर घेतल्यानंतर खेळाडूने थेट सामन्यात न उतरता सेटिंगमधील ध्वनी आणि सुलभता, म्हणजे ॲक्सेसिबिलिटी, हे दोन्ही विभाग पूर्ण वाचावेत, कारण या सोयी बहुधा आरंभी बंद ठेवलेल्या असतात आणि अद्ययावतीकरणानंतर त्यांचे स्वरूप बदलू शकते. सराव मैदानात एखाद्या मित्राला वेगवेगळ्या अंतरावरून चालण्यास, धावण्यास व गोळी झाडण्यास सांगून कोणती खूण कधी उमटते याची पडताळणी करावी. लहान नकाशाचा आकार वाढवणे, अक्षरे मोठी करणे आणि मजकुरामागे गडद पट्टी ठेवणे हे बदल शक्य तेथे करावेत. फोनची किंवा कंट्रोलरची कंपने चालू ठेवल्यास गोळी लागल्याची सूचना हातालाही मिळते आणि डोळ्यांवरील भार काही अंशी हलका होतो.

ज्या खेळात अशी सोय नसते त्यासाठी ध्वनीची दिशा पडद्यावर किंवा पडद्याभोवतीच्या प्रकाशपट्ट्यांवर दाखवणारी बाह्य साधने मिळतात, परंतु ती वापरण्यापूर्वी त्या खेळाचे नियम तपासणे अत्यावश्यक आहे, कारण खेळाव्यतिरिक्तची अशी सॉफ्टवेअर फसवणूक मानून खाते बंद करण्याची तरतूद काही खेळांत असते. शंका असल्यास कंपनीच्या मदतकक्षाकडे लेखी विचारणा करून उत्तर जपून ठेवावे.

श्रवणयंत्र, हेडफोन आणि आवाजाची मांडणी

ज्यांना काही प्रमाणात ऐकू येते त्यांनी उरलेल्या श्रवणाचा सुरक्षित व पुरेपूर उपयोग करावा. एकाच कानाने ऐकणाऱ्या व्यक्तीसाठी फोन आणि संगणकाच्या सुलभता विभागात मोनो ऑडिओ ही सोय असते, जिच्यामुळे डाव्या व उजव्या बाजूचे सर्व आवाज एकत्र होऊन ऐकणाऱ्या कानापर्यंत पोहोचतात. तिने एकही आवाज पूर्णपणे हरवत नाही, मात्र दिशेचा भेद नाहीसा होतो, म्हणून तिची जोड दिशा दाखवणाऱ्या दृश्य सोयीशी घालावी. दोन्ही कानांत कमी-अधिक ऐकू येत असल्यास डाव्या-उजव्या आवाजाचा समतोल बदलण्याची पट्टी वापरावी. खेळातील पार्श्वसंगीत पूर्ण बंद करून परिणाम-ध्वनी आणि संवाद यांची पातळी वाढवावी. काही खेळांत रात्रीचा ध्वनी किंवा मर्यादित ध्वनिपल्ला अशा अर्थाची निवड असते, जिने मोठे स्फोट सौम्य होतात आणि बारीक आवाज वर येतात, व ती अनेकांना उपकारक ठरते.

कानामागे बसणाऱ्या श्रवणयंत्रावर हेडफोन लावताना पूर्ण कान व यंत्राचा माइक झाकणारा मोठ्या कपाचा हेडफोन घ्यावा, कारण लहान कप यंत्रावर दाब देतो आणि त्यामुळे शिट्टीसारखा आवाज निघू शकतो. ब्लूटूथने आवाज थेट यंत्रात घेता येत असल्यास स्पष्टता वाढते, परंतु बिनतारी जोडणीत ध्वनी काही क्षण उशिरा पोहोचतो आणि वेगवान खेळात तेवढा विलंबही महागात पडतो, म्हणून उपलब्ध असेल तेथे तारेची जोडणी, कमी विलंबाचा मोड किंवा श्रवणयंत्राच्या कंपनीचे स्वतःचे जोडउपकरण वापरून तुलना करावी. आधुनिक श्रवणयंत्र बोलणे ठळक करण्यासाठी इतर आवाज गोंगाट समजून दाबते, त्यामुळे खेळातील पावलांसारखे आवाजही दाबले जाण्याचा संभव असतो. श्रवणतज्ज्ञाकडून खेळासाठी स्वतंत्र प्रोग्राम बसवून घेणे हा त्यावरचा सोपा उपाय आहे.

कमी ऐकू येते म्हणून आवाज वाढवत नेण्याचा मोह मात्र निग्रहाने टाळावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी आठवड्याला ४० तासांपर्यंत ८० डेसिबल ही सुरक्षित मर्यादा असून मुलांसाठी ती ७५ डेसिबल आहे. आवाजात दर ३ डेसिबलची वाढ झाली की सुरक्षित कालावधी निम्म्यावर येतो, म्हणजे ८३ डेसिबलला तो २० तास आणि ८६ डेसिबलला केवळ १० तास उरतो. खेळानंतर कानात गुंजारव जाणवल्यास, ज्याला टिनिटस म्हणतात, त्या दिवसाचा खेळ थांबवावा आणि तो वारंवार होऊ लागल्यास तपासणी करून घ्यावी.

संघाशी संवाद

सांघिक खेळात दुसरी मोठी अडचण व्हॉइस चॅटची, म्हणजे खेळता खेळता माइकवरून होणाऱ्या बोलण्याची असते. या बोलण्याला पर्याय म्हणून विकसित झालेली सर्वांत उपयुक्त सोय म्हणजे पिंग. एखाद्या ठिकाणावर निशाण साधून बटण दाबले की तेथे शत्रू, शस्त्र किंवा जाण्याची दिशा दाखवणारी खूण सर्व सहकाऱ्यांच्या पडद्यावर उमटते. २०१९ मध्ये आलेल्या 'एपेक्स लेजेंड्स' या खेळाने ही पद्धत इतकी तपशीलवार केली की अनोळखी खेळाडूही एक शब्द न बोलता एकत्र लढू शकतात. जी सोय श्रवणदोष असलेल्यांच्या उपयोगी पडते, ती भाषा न जुळणाऱ्या आणि माइक नसलेल्या सर्वांच्याच उपयोगी पडते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

ओळखीच्या संघाने सामन्यापूर्वी खुणांची एक छोटी संहिता ठरवून लिहून ठेवावी. एक पिंग म्हणजे शत्रू दिसला, त्याच जागी लागोपाठ दोन पिंग म्हणजे तेथून माघार, स्वतःच्या पायाशी पिंग म्हणजे मदत हवी, इतके मोजके संकेत पुरेसे असतात. तयार संदेशांच्या यादीत आपल्याला लागणारे संदेश आधीच वर आणून ठेवावेत, कारण लढत चालू असताना टंकलेखन करणे म्हणजे हात आणि नजर दोन्ही खेळातून काढून घेणे होय. हीच मर्यादा भारतीय सांकेतिक भाषेलाही लागू पडते, कारण हात कंट्रोलरवर किंवा पडद्यावर गुंतलेले असताना खुणा करता येत नाहीत. म्हणून सांकेतिक भाषेत संवाद साधणाऱ्या संघाने दुसऱ्या फोनवर व्हिडिओ कॉल चालू ठेवून सामन्यापूर्वीचे नियोजन आणि फेऱ्यांमधील चर्चा त्यावर करावी, व प्रत्यक्ष लढतीत पिंगवर विसंबावे.

बोलण्याचे लेखी रूपांतर करणारी साधनेही साहाय्यक ठरतात. अँड्रॉइड फोनवरील लाइव्ह ट्रान्सक्राइब हे २०१९ मध्ये आलेले साधन आसपासचे बोलणे लिहून दाखवते, विंडोज ११ मधील लाइव्ह कॅप्शन संगणकातून येणारा आवाज ठरावीक भाषांत पडद्यावर मांडते, आणि एक्सबॉक्सवर गटातील बोलण्याचे लेखी रूपांतर करण्याची सोय आहे. तथापि मराठी, हिंदी व इंग्रजी यांची सरमिसळ, एकाच वेळी बोलणारे अनेक जण आणि खेळातील जागांची व शस्त्रांची नावे यांमुळे या साधनांकडून चुका होतात व मजकूर थोडा उशिरा येतो, म्हणून त्यांच्यावर क्षणाक्षणाचे निर्णय न सोपवता नियोजनाच्या टप्प्यावर त्यांचा वापर करावा.

आपल्याला ऐकू येत नाही हे अनोळखी सहकाऱ्यांना सांगावे की नाही, हा सर्वस्वी खेळाडूचा निर्णय आहे. सांगायचे ठरल्यास सामना सुरू होण्यापूर्वी 'ऐकू येत नाही, कृपया पिंग द्या' असा एक छोटा संदेश टाकणे पुरेसे असते, कारण त्यात सहकाऱ्याने नेमके काय करावे हेही येते. कोणी टिंगल केली तर वाद घालण्यात वेळ न दवडता त्या व्यक्तीला ब्लॉक करून तिची तक्रार नोंदवावी. ऐकू येणाऱ्या सहकाऱ्यानेही केवळ सहानुभूती न दाखवता कामाची वाटणी करावी, म्हणजे पाठीमागच्या बाजूचे आवाज टिपून ते पिंगने कळवण्याची जबाबदारी स्वतःकडे घ्यावी. मग श्रवणदोष असलेला सहकारी दूरवर नजर ठेवणे, नकाशाचा अंदाज घेणे किंवा संघाचे नेतृत्व करणे यांपैकी कोणतीही भूमिका पूर्ण ताकदीने निभावू शकतो.

पालक, आयोजक आणि निर्माते

श्रवणदोष असलेल्या मुलाच्या पालकांनी हे लक्षात घ्यावे की कानांचे काम डोळ्यांकडे आल्यामुळे त्याला इतर मुलांपेक्षा लवकर थकवा येऊ शकतो, म्हणून प्रत्येक एक-दोन सामन्यांनंतर नजर दूर नेणारी विश्रांती ठरवून द्यावी. ज्या मुलाची पहिली भाषा सांकेतिक आहे, त्याला इंग्रजी लेखी संदेश अवघड वाटणे स्वाभाविक असते, अशा वेळी चिन्हांवर आधारलेले संदेश आधी आणि शब्द नंतर असा क्रम ठेवल्यास खेळ हे वाचन वाढवण्याचेही साधन होऊ शकते. अनोळखी व्यक्तींकडून येणारे लेखी संदेश मर्यादित करण्याची सोय वापरावी आणि मुलाला खेळण्यास मनाई करण्याऐवजी त्याच्याबरोबर बसून एकदा तरी पूर्ण सामना पाहावा. स्पर्धेच्या आयोजकांनी सूचना लेखी द्याव्यात, आरंभाची उलटगणती पडद्यावर दाखवावी, श्रवणयंत्र वापरण्यास स्पष्ट परवानगी द्यावी आणि मागणी असल्यास सांकेतिक भाषेच्या दुभाष्याची व्यवस्था करावी.

खेळांचे निर्माते या सोयी आपणहून देतीलच असे नाही, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. तेथे २०१० मध्ये झालेल्या संप्रेषण व दृकश्राव्य सुलभता कायद्यातून व्हिडिओ खेळांना दिलेली सूट २०१८ च्या अखेरीस संपली आणि त्यानंतर येणाऱ्या खेळांमधील खेळाडूंच्या परस्परसंवादाच्या सोयी दिव्यांगांना वापरता येतील अशा करणे बंधनकारक झाले. खेळांच्या बाबतीत हा कायदा संवादापुरता असून खेळातील इतर ध्वनींना तो लागू नाही, तरीही बोलण्याचे लेखी रूपांतर अनेक खेळांत येण्यामागे त्याचा मोठा वाटा आहे. भारतातील २०१६ च्या अधिनियमाचे कलम ४२ हे माहिती व संप्रेषण तंत्रज्ञान सुलभ करण्याची जबाबदारी शासनावर टाकते, परंतु ऑनलाइन खेळांपर्यंत तिचा लाभ पोहोचण्यासाठी खेळाडूंनी मागणी सातत्याने नोंदवणे आवश्यक आहे.

म्हणून श्रवणदोष असलेल्या प्रत्येक खेळाडूने, त्याच्या पालकाने आणि सहकाऱ्याने एखाद्या खेळात दृश्य संकेत नसल्याचे आढळताच त्या खेळाच्या मदतकक्षाकडे आणि ॲप स्टोअरवरील अभिप्रायात कोणता ध्वनी, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या रूपात दिसायला हवा हे नेमकेपणाने लिहून कळवावे, आणि उत्तर मिळेपर्यंत ते पुन्हा पुन्हा कळवत राहावे. ही मागणी सवलतीची नसून समान माहितीची आहे, आणि ती तशीच ठामपणे मांडली पाहिजे.